चांदणी कासवांतील नर व मादी कशीं ओळखावीं?

कासव आपल्या शेतकरी बंधूंस अपरिचित नाहीं. देवळाच्या सभामंडपांत तें दगडाचें असतें व विहिरींत जिवंत असतें. परंतु विहिरींतील कासव निराळें आणि चांदणी अथवा स्टार कासव निराळें. पहिल्याच्या बोटांमध्यें पडदे असतात, म्हणून तें पोहतें. दुसऱ्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबाकृति असतात. तें केवळ जमिनीवर राहणारें आहे. पुण्य लागेल या समजुतीनें तें विहिरींत सोडल्यास बुडून मरतें.

गुजरात, राजस्थान, आंध्र, कर्नाटक व तामिळनाडू या भागांत, तसेंच श्रीलंकेंत, कोरड्या झुडपी रानांत व शेतांच्या बांधांजवळ हें कासव आढळतें. कवचावरील पिवळ्या चांदण्या सुंदर दिसतात, आणि तें घरीं असल्यास लक्ष्मी येते असा भ्रमही आहे. त्यामुळें तें चोरून विकलें जातें व पुष्कळ घरांत आढळतें. असें कासव दृष्टीस पडल्यास तें नर कीं मादी हें कळणें केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. मादीच्या बाबतींत अज्ञान असल्यास तिच्या जिवावर बेततें.

शरीराच्या मुख्य खुणा चार आहेत. पहिली खूण शेपटीची. नराची शेपटी लांब व बुडाशीं जाड असून तो ती एका बाजूस वळवून ठेवतो. मादीची आंखूड व बोथट असते. दुसरी खूण शेपटीखालील द्वाराची. नरांत हें द्वार शेपटीच्या टोंकाकडे असतें. मादींत तें बुडाजवळ असतें. तिसरी खूण पोटाकडील कवचाची. नराचें हें कवच मध्यें किंचित् खोलगट असतें, म्हणजे मादीच्या पाठीवर चढतांना तो घसरत नाहीं. मादीचें सपाट असतें. या जातींत हा खोलगटपणा थोडाच असल्यामुळें केवळ त्यावर विसंबूं नये. चवथी खूण आकाराची. वाढलेला नर साधारणतः ६ ते ८ इंच लांब व अरुंद असतो; मादी १० इंचांपर्यंत, क्वचित् अधिकही, वाढते व रुंद आणि घुमटासारखी दिसते.

या खुणा वाढलेल्या जनावरांतच स्पष्ट होतात. चार इंचांच्या पिलाविषयीं जो विक्रेता छातीठोकपणें सांगतो, तो केवळ अंदाज सांगतो असें समजावें. तपासणी करतांना कासव दोन्हीं हातांनीं कडेवर उचलून धरावें. उताणें टाकून ठेवूं नये.

आतां वर्तनाकडे वळूं. पावसाळा सुरू झाला म्हणजे नर मादीचा पाठलाग करतो, कवचास धक्के देतो व तिच्या पाठीवर चढून घोगरा आवाज काढतो. परंतु एक नर दुसऱ्या नरावरही चढतो. सबब हें लक्षण एकटें पुरेसें नाहीं. शेपटी व द्वार यांची साक्ष घेतल्यावांचून निर्णय करूं नये.

मादीचें वर्तन अधिक निश्चित आहे. अंडीं घालण्याचा समय आला म्हणजे ती खाणें कमी करते, बेचैन होऊन फिरते व जमीन हुंगते. मग मूत्रानें माती भिजवून मागील पायांनीं खड्डा करते, त्यांत साधारणतः ३ ते ६ अंडीं घालते व माती दाबून निघून जाते. नराचा सहवास नसतांही मादी निर्जीव अंडीं घालूं शकते. म्हणून “एकटीच आहे, तिला माती कशाला?” हा विचार घातक होय. फरशीवर ठेवलेल्या मादीस जागा न मिळाल्यास अंडीं पोटांतच अडकतात व ती मरते.

पिलांचें लिंग मातापित्यांपेक्षां मातीच्या उष्णतेवर अवलंबून असतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. खड्डा थंड असल्यास बहुतेक नर व उष्ण असल्यास बहुतेक माद्या निपजतात. दीड महिन्यापासून पांच महिन्यांपर्यंत अंडीं मातींत राहतात. बांधावर मादी उकरतांना दिसल्यास तिला हलवूं नये. ती गेल्यावर तेथें खूण करून तेवढ्या काळांत ती जागा नांगराखालीं आणूं नये.

शेवटीं कायद्याची गोष्ट. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हें कासव पाळणें, विकणें व विकत घेणें गुन्हा आहे. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आली. घरीं असें कासव असल्यास तें रानांत अथवा विहिरींत न सोडतां वनखात्याच्या स्वाधीन करावें, आणि मादी असल्यास तसें स्पष्ट सांगावें. अंडीं पोटांत असलेली मादी वेळेवर मातीवर पोहोंचली, तर एका जिवाबरोबर पुढील पिढीही वांचते.