पापुद्रा जिवंत हवा

बेटा, बिरसीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलीस, म्हणजे परासरणाचा प्रयोग तुझ्या वाट्याला येणारच. मी तो नोकरीभर केला, आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं चुकीचा केला. कांद्याचा पापुद्रा काढायचा, सॅफ्रानिनमध्ये बुडवायचा, मग मिठाचं पाणी घालायचं. होत काहीच नसे. शेवटी फळ्यावर पुस्तकातली आकृती काढून देत असे आणि पोरं ती इमानदारीने उतरवून घेत. रंगात बुडवलेली पेशी बहुतेक मेलेलीच असते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जिवंत पेशीचं पटल पाणी जाऊ-येऊ देतं, मिठाला अडवतं. पेशी मेली की ते पटल कोणालाच अडवत नाही.

म्हणून रंग लावूच नकोस. जो पापुद्रा आधीच रंगीत आहे तो घे. ऱ्हिओच्या पानाची खालची बाजू जांभळी असते, ती उत्तम. पान कापू नकोस, तिरपं फाड. फाटलेल्या कडेला पातळ जांभळी झालर सुटते. नखाच्या पाव भागाएवढा तुकडा पुरे. तो लगेच पाण्यात टाक, हवेत वाळला तर गेला. आदल्या संध्याकाळी कुंडीला पाणी घातलेलं असू दे. ऱ्हिओ नसेल तर लाल कांद्याच्या मांसल पाकळीची बाहेरची जांभळी त्वचा चालते. आणि ग्लिसरीनचा थेंब टाकायची सवय या दिवशी मोड. ग्लिसरीन स्वतःच पेशीतलं पाणी ओढतं. मीठ घालायच्या आधीच प्रयोग झालेला असतो.

काचपट्टीवर साध्या पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, वरून आच्छादन काच सुईने तिरकी टेकवत सावकाश सोड. बुडबुडा राहिला की निम्मा वर्ग त्याचीच काळी गोल कड ‘पेशी’ म्हणून वहीत काढतो.

मिठाचं प्रमाण पोरांनाच विचार. धान पेरण्याआधी घरी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात ना, 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ? म्हणजे 3 टक्के. आपल्या प्रयोगाला तेच प्रमाण पुरतं, 100 मिलिलिटरला 3 ग्रॅम. पण इथे एक घोळ होतो, तो आधीच निस्तर. पोचट धान वर तरंगतं ते हलकं असतं म्हणून. त्यात परासरण नाही. नंतर बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुतात, तिथे आपला धडा आहे. मीठ तसंच राहिलं तर बियाला पाणी ओढून घेणं जड जातं, उगवण मार खाते. युरिया एका जागी सांडला की तेवढेच पऱ्हे जळतात, हेही पोरांनी पाहिलेलं असतं. मनुका फुगवून दाखवण्यापेक्षा मला ही उदाहरणं बरी वाटतात. वाळलेला हरभराही पाण्यात फुगतो, पण तो मुख्यतः परासरणाने नव्हे. मग नुसत्या फुगण्यावरून पोरं परासरण काय ओळखणार?

आता मुख्य काम. आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेव, समोरच्या कडेला टीपकागद लाव. कागद साधं पाणी पितो, खारं पाणी आत सरकतं. सूक्ष्मदर्शकाच्या दहा पटीच्या भिंगाखाली एकच पेशी धरून बस. दोन-चार मिनिटांत आतला जांभळा रस कोपऱ्यांपासून सुटतो, आकसतो. भिंत मात्र जागेवरच असते. यालाच रससंकोच म्हणतात, पण हा शब्द फळ्यावर नंतर लिही, आधी बघू दे. या वेळी टेबलाला धक्का लागता कामा नये. तुमच्याकडे बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमान उठलं की सगळी बाकं खिडकीकडे पळतात आणि धरलेली पेशी हरवते. एक दणकट पोरगी टेबलापाशी उभी करून ठेव.

बहुतेक शिक्षक इथेच थांबतात. थांबू नकोस. लगेच त्याच वाटेने साधं पाणी आत ओढ, टीपकागद दोनदा बदल. जांभळा रस हळूहळू पसरत पुन्हा भिंतीला भिडतो. मेलेली पेशी हे करत नाही. मिठात फार वेळ ठेवलीस तर जिवंतही परतत नाही, म्हणून आकसलं की उशीर नको. शेजारी उकळत्या पाण्यातून काढलेला दुसरा पापुद्रा ठेव. त्याचा रंग बाहेर गळून गेलेला दिसेल आणि मिठाने त्यात काहीच होणार नाही.

वेळ उरला तर नोले या फ्रेंच माणसाची गोष्ट सांग. 1748 साली त्याने मद्यार्काने भरलेल्या कुपीच्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा बांधून ती पाण्यात ठेवली, तर तो तुकडा फुगून तट्ट झाला. पोरं हसतात, पण विसरत नाहीत.

माझ्या अंगणात ऱ्हिओची रोपं माजली आहेत. रविवारी ये आणि दोन घेऊन जा, कुंड्या मात्र तुझ्या तू आण.