नंबर एकच, शेजार वेगळा

प्रश्न : एनिआग्राम चाचणीत माझा प्रकार नऊ, म्हणजे शांतताप्रिय, आला. नणंदेचाही तोच. पण आमचे स्वभाव अजिबात जुळत नाहीत. चाचणी चुकली का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चुकलीच असेल असं नाही. एनिआग्राम स्वभावाचे नऊ प्रकार एका वर्तुळावर मांडतो, त्यामुळे प्रत्येक आकड्याला दोन शेजारी असतात. मूळ प्रकारात त्यांतल्या एकाची छटा बहुधा जास्त मिसळते. तिला ‘विंग’ म्हणतात. नऊचे शेजारी आठ, म्हणजे आव्हान देणारा, आणि एक, म्हणजे सुधारक. तुमच्यापैकी एकीत आठाची आणि दुसरीत एकाची छटा असू शकते. भांडण दोघींनाही नको असतं. पण घरात लग्नाची यादी होत असताना बघा. आठाची छटा असलेली सगळ्याला ‘चालेल’ म्हणते आणि फारच ताणलं की एका वाक्यात विषय संपवते. एकाची छटा असलेली गप्प राहते, मात्र रात्री बसून तीच यादी चुका काढून पुन्हा लिहिते. राग दोघींना येतो. पहिलीचा दिसतो, दुसरीचा नीटनेटकेपणात जिरतो. (तुम्ही कोणत्या, हे नणंदेला विचारू नका!)

लांबचा आकडा विंग होत नाही, म्हणजे नऊला चारची विंग नसते. ऑस्कर इचाझो आणि क्लॉडिओ नारान्हो यांच्यामुळे रुजलेल्या या पद्धतीला शास्त्रीय पुरावा तोकडाच आहे. स्वतःकडे बघायला ती जरूर वापरा, स्थळं नाकारायला नको.