चिनी वैद्यकातील ‘उष्ण’ फळे

आंबा उष्ण, म्हणून खाण्यापूर्वी तो घटकाभर पाण्यात बुडवून ठेवावा, हे आपल्याकडे मराठी घरात सांगतात तसेच कानडी घरातही. चिनी वैद्याला हे ऐकून नवल वाटेल; तिकडे आंबा सामान्यतः शीतल फळांत मोडतो. दोघेही दाखला देतात तो अनुभवाचाच. मग ‘उष्ण’ म्हणजे नेमके काय?

चिनी परंपरेने पदार्थांच्या प्रकृती चार मानल्या: शीत, शीतल, ऊबदार आणि उष्ण. यांत न बसणारे ते ‘सम’. पदार्थ हाताला गरम लागतो की गार, याच्याशी या वर्गीकरणाचा संबंध नाही. खाल्ल्यावर शरीरात काय घडते, त्यावरून हे नाव पडते. थंडीने काकडलेल्याला ज्याने बरे वाटते ते ऊबदार. ताप व तहान ज्याने शमते ते शीत. ली शिजेन या वैद्याने १५७८ मध्ये पुऱ्या केलेल्या प्रचंड औषधिकोशात द्रव्यांच्या प्रकृती आणि रुची अशाच नोंदवलेल्या आहेत. कोश छापून आला १५९६ मध्ये. तो पाहायला ली हयात नव्हता.

ऊबदार फळांत लिची, तिच्याच कुळातले लाँगान, पीच, चेरी आणि वाळवलेले लाल चिनी बोर ही प्रमुख. नासपती, कलिंगड, केळे विरुद्ध पंक्तीत. चिनी बोर हे आपल्या बोराचेच भावंड. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग याने थंडी-तापावर सांगितलेल्या काढ्यात दालचिनीच्या डहाळ्या, आले आणि ज्येष्ठमध यांच्या जोडीला ही बोरे आहेत. बाळंतिणीच्या आहारातही ती असतात. मौज संत्र्याची आहे. त्याचा गर शीतल, पण साल वाळवून वर्षानुवर्षे मुरवली की ती ऊबदार! म्हणजे प्रकृती फळाला एकदाच चिकटवलेली चिठ्ठी नव्हे.

ऊबदार म्हणून हितकर, असे मात्र चिनी वैद्यही म्हणत नाही. लिची फार खाल्ली की तोंड येते, घसा धरतो. याला तिकडे ‘आग वर चढली’ असे म्हणतात. इथे आधुनिक रसायनशास्त्राने एक गंभीर भर घातली आहे. बिहारमधील मुझफ्फरपूर येथे लिचीच्या हंगामात मुले आकडी येऊन दगावत. २०१४ च्या साथीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिची खाणे आणि रात्रीचे जेवण चुकणे यांचा या आजाराशी संबंध त्यात दिसून आला. लिचीतील काही द्रव्ये शरीराची साखर तयार करण्याची क्रिया अडवतात. पोटात अन्न नसलेल्या कुपोषित मुलाच्या रक्तातील साखर त्यामुळे घातक पातळीपर्यंत उतरते. ‘ऊबदार’ या शब्दात हा धोका कुठेच दिसत नाही. उलट, सुकवलेल्या लाँगानात आणि बोरांत पाणी उडून साखर दाटलेली असते. मधुमेह्याने ‘थंडीत शक्ती येते’ म्हणून ती मूठमूठ खाणे बरे नव्हे.

या शास्त्राची जाणती मंडळी सरसकट फळांची यादी हाती देत नाहीत, हे आपल्याकडे अशा याद्या वाचणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते. वैद्य आधी जीभ आणि नाडी पाहतो. जीभ फिकट, तिच्यावर पांढरा थर आणि हातपाय गार असतील तर लाँगान सुचवील. जीभ लालभडक, थर पिवळा असेल तर तेच लाँगान वर्ज्य सांगून नासपती खायला लावील.