मिठागरांतील तांबडें पाणी

मिठागरांतील पाणी उन्हानें आटून फार खारें झालें म्हणजे पुष्कळदां तांबूस दिसूं लागतें. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिये येथील मिठागरांत हा रंग पाहून द्युनाल या शास्त्रज्ञानें १८३८ सालीं त्याचें कारण सूक्ष्म जीवांत शोधलें. पुढें १९०५ सालीं तेओदोरेस्को यानें त्यांतील एका शेवाळास द्युनालच्या नांवावरून ‘द्युनालिएल्ला’ हें नांव दिलें.

शेवाळ म्हटलें कीं आपणांस विहिरीच्या निसरड्या पायऱ्या आठवतात. हें मात्र एकाच पेशीचें असून दोन केसासारख्या तंतूंनीं पोहतें. पाण्यांत विरघळलेला कर्बाम्लवायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, सूर्यप्रकाशाच्या बळावर तें आंत घेतें, प्राणवायु सोडतें व कर्ब आपणांपाशीं ठेवितें. त्या कर्बाचें तें करितें काय? भोंवतालचें खारें पाणी पेशींतील पाणी ओढूं पाहतें, आणि पेशीला कठीण भिंत तर नाहीं. म्हणून हें शेवाळ आंत ग्लिसरीन सांठवितें. ऊन प्रखर झालें कीं गाजराला रंग देणारें बीटा-कॅरोटीन बनवून त्याची जणूं छत्रीच धरितें. हें द्रव्य त्याच्या सुक्या वजनाच्या शेंकडा १० पर्यंत भरूं शकतें! त्यापासून आपल्या शरीरांत ‘अ’ जीवनसत्त्व तयार होतें. पश्चिम ऑस्ट्रेलियांत हट लगून या गुलाबी सरोवरापाशीं विस्तीर्ण उथळ तळ्यांत याचें पीक घेतात.

“मग हवेंत वाढलेला कर्बाम्लवायु शेवाळच कां खाऊन टाकीत नाहीं?” असें वर्गांत एकानें विचारिलें. प्रश्न चांगला होता. आम्हीं फळ्यावर हिशेब मांडला. एक किलो सुकें शेवाळ होण्यास सुमारें १.८ किलो कर्बाम्लवायु लागतो. कोळसा, तेल व नैसर्गिक वायु जाळून मनुष्य दरवर्षीं ३,५०० कोटि टनांहून अधिक कर्बाम्लवायु हवेंत सोडतो. सूक्ष्म शेवाळांचें पीक अद्यापि हजारों टनांतच मोजावें लागतें. शिवाय तें द्रव्य आपल्या पोटांत गेलें कीं त्यांतील कर्ब श्वासावाटें बहुतेक पुन्हां हवेंतच परततो.

तर मग लाभ कोठें आहे? हाच रंग खनिज तेलापासूनहि कारखान्यांत बनवितात. त्या तेलांतील कर्ब कोट्यवधि वर्षें भूमींत होता, तो नव्यानें हवेंत येतो. शेवाळांतील कर्ब मात्र नुकताच हवेंतून उसना घेतलेला असतो. पण एवढ्यावर हिशेब मिटत नाहीं. तळ्यांतील एक लिटर पाण्यांत सुकें शेवाळ एक ग्रॅमहि निघत नाहीं. तें वेगळें करून वाळविण्यास लागणारी वीज कोळशावर निर्माण झाली असेल, तर तिचा धूरहि या जमेंतून वजा करावा लागतो.