मुदत संपण्याआधी : फुटबॉलच्या एका हंगामाचा धडा

करार कितीही मोठ्या असामीने केलेला असो, त्याची मुदत एक दिवस संपतेच. त्याआधी पुढची तजवीज झाली नाही तर काय होते, हे भारतीय फुटबॉलच्या 2025-26 च्या हंगामाने दाखवून दिले. ज्यांना खेळाची आवड नाही, त्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनीही हा हिशेब समजून घ्यावा.

इंडियन सुपर लीग ही देशातील व्यावसायिक फुटबॉलची अव्वल स्पर्धा 2014 साली सुरू झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याआधी, 2010 साली, आपले व्यापारी हक्क 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना रिलायन्सच्या भागीदारीतील कंपनीला दिले होते. म्हणजे दुकान महासंघाचे, चालवणारा दुसरा आणि क्लब त्यात माल मांडणारे. ही मुदत 8 डिसेंबर 2025 रोजी, ऐन हंगामात संपणार होती. तारीख 15 वर्षे आधीपासून सर्वांना माहीत होती.

तरीही नवा करार वेळेत झाला नाही. महासंघाच्या घटनेचा वाद 2017 पासून सर्वोच्च न्यायालयात होता आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नव्या कराराचे घोडे अडले. जुलै 2025 मध्ये चालक कंपनीने हंगाम स्थगित केला. ऑगस्टमध्ये बेंगळुरूच्या क्लबने खेळाडूंचे पगार थांबवले, चेन्नईच्या क्लबने कामकाज बंद ठेवले. ऑक्टोबरमध्ये निविदा निघाली. वर्षाला किमान 37.5 कोटींची हमी मागितली होती. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आली नव्हती. घाईत विकायला काढलेल्या मालाला भाव मिळत नाही, हे आपण बाजारात नेहमीच पाहतो.

मुंबई सिटी या क्लबने 2021 आणि 2024 मध्ये चषक जिंकला होता. त्यात 2019 पासून भागीदार असलेला मँचेस्टर सिटीचा परदेशी समूह डिसेंबर 2025 मध्ये बाहेर पडला. अखेर सरकारने लक्ष घातले आणि 14 फेब्रुवारी 2026 रोजी खेळ सुरू झाला. आधीच्या हंगामात साखळीत प्रत्येक क्लबला 24 सामने होते, त्यांपैकी 12 घरच्या मैदानावर. आता 14 क्लब, एकूण 91 सामने आणि प्रत्येकाच्या वाट्याला 13. घरचे सामनेही त्याच प्रमाणात घटले. विक्रीचे दिवस निम्मे झाले म्हणून खर्च काही निम्मा होत नाही. शिवाय जर्सी शिवणारा, छापणारा, मैदानाबाहेर खाद्यपदार्थ विकणारा यांची नावे कोणत्याच करारात नसतात. नुकसान मात्र त्यांनाही सोसावे लागते.

यातून आपण काय घ्यावे?

1. कराराची अखेरची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि नूतनीकरणाची बोलणी किमान एक वर्ष आधी सुरू करावी. करार लेखी हवा. जागेचा भाडेकरार असेल तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो नोंदणीकृतही असावा लागतो.

2. मुदत हंगामाच्या मध्यात संपू देऊ नये. कापडाचा धंदा रमजान आणि लग्नसराईवर चालतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. पाच वर्षांचा करार केला तर शेवटच्या वर्षी ईद केव्हा येईल, हे आजच मोजून पाहावे.

3. वाद कोर्टात गेला तर निकालापर्यंत जुन्याच अटींवर काम चालू राहील, असे कलम आधीच घालून घ्यावे.

4. जॉबवर्क करणाऱ्या कारागिराने आगाऊ रक्कम, माल उचलण्याची तारीख आणि काम थांबवायचे असल्यास किती दिवस आधी कळवायचे, एवढे तरी कागदावर घ्यावे. सगळे काम एकाच शेठजीवर अवलंबून ठेवू नये.

क्लबांच्या मागे मोठे भांडवल होते, म्हणून त्यांना सात महिने थांबता आले. आपल्यापैकी किती दुकाने सात महिने शटर खाली ठेवून टिकतील? ज्याचे भांडवल लहान, त्याने तारखेची काळजी अधिक घ्यावी.