जुन्या ट्रॅक्टरचा क्लच घरी कसा बदलावा

नांगरणीच्या ऐन घाईत ट्रॅक्टरचे इंजिन जोराने गर्जते, परंतु नांगर मात्र जागचा हलत नाही. जळक्या वासाने चालकाचे डोके दुखू लागते, आणि शेवटी ट्रॅक्टर बांधावर उभा करावा लागतो. जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यास हा अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. मृगाचा पाऊस तोंडावर असता तालुक्याच्या गावी मिस्त्रीकडे आठवडा मोडला, तर एका बिघाडापायी पेरणीचा वाफसा हातचा जातो. म्हणून रब्बीचे खळे उरकल्यानंतर व मशागतीस आरंभ करण्यापूर्वी जो काळ मिळतो, त्यातच क्लचची परीक्षा करून तो बदलून घेणे शहाणपणाचे होय.

भारतात ट्रॅक्टर तयार होऊ लागले ते १९५९ सालापासून. त्या वर्षी फरीदाबाद येथे आयशरचा ट्रॅक्टर प्रथम बाहेर पडला. पुढे १९७१ साली पिंजोर येथे एच. एम. टी. चे व १९७४ साली मोहाली येथे स्वराजचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. गेल्या शतकातील असे पुष्कळ ट्रॅक्टर आजही शेतावर काम करीत आहेत. त्यांची रचना साधी असल्यामुळे दोघेतिघे समजदार माणसे, योग्य साधने व दोन दिवसांची सवड एवढ्या बळावर क्लचचे काम घरी होऊ शकते. मात्र या कामात ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी. पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दीड टनाहून अधिक असते. आधार निसटला तर हातपायच नव्हे, तर प्राणही जातो.

क्लचचे कार्य

इंजिनाची शक्ती गिअर बॉक्सकडे पोचविणे व हवी तेव्हा ती तोडणे, हे क्लचचे काम होय. इंजिनाच्या मागील बाजूस फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याला लागून क्लच प्लेट व तिच्यामागे प्रेशर प्लेट बसविलेली असते. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरतात, म्हणून तिघी एकत्र फिरतात. चालकाने पायटा दाबला म्हणजे रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकते, दाब सुटतो आणि क्लच प्लेट मोकळी होते.

प्लेटचे अस्तर झिजत गेले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते व तिची बोटे मागे, रिलीज बेअरिंगकडे येतात. त्यामुळे पायट्याची मोकळी चाल हळूहळू कमी होते. ती वेळीच वाढवून घेतली नाही तर बेअरिंग बोटांवर सदैव टेकून राहते, दाब अपुरा पडतो आणि चांगली प्लेटही घसरून जळते. पुष्कळशा प्लेटा वयाने जात नाहीत, या दुर्लक्षाने जातात.

आधी निदान, मग दुरुस्ती

ट्रॅक्टर उघडण्यापूर्वी दोष खरोखर प्लेटचाच आहे काय, हे पाहावे.

(१) पायटा हाताने दाबून मोकळी चाल मोजावी. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत ती पाऊण ते एक इंच असते. नेमका आकडा त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकातून घ्यावा. चाल कमी असल्यास ओढदांड्याचा नट फिरवून ती प्रथम ठीक करावी. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

(२) चाल ठीक असूनही शंका उरल्यास ट्रॅक्टर सपाट मोकळ्या जागी उभा करावा. पुढे-मागे कोणीही उभे राहू नये. दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट दाबावेत, वरचा गिअर टाकावा व पायटा हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. इंजिन तसेच चालू राहिले तर क्लच घसरतो असे समजावे. ही परीक्षा एकदाच व काही क्षणच करावी.

(३) क्लचच्या घराच्या तळाशी लहान छिद्र असते. त्यातून तेल गळत असेल तर प्लेट तेलाने भिजली असण्याचा संभव असतो. काळे, पातळ तेल इंजिनाचे. घट्ट, उग्र वासाचे तेल गिअर बॉक्सचे. अशा वेळी ते सील न बदलता नुसती प्लेट बदलली, तर नवी प्लेटही थोड्याच दिवसांत निकामी होते.

(४) पायटा पूर्ण दाबूनही गिअर करकरत असल्यास क्लच सुटत नाही असे जाणावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. त्याखेरीज वाकलेली प्लेट किंवा अति मोकळी चाल हीही कारणे असू शकतात.

साधने व जागा

रिंग पाने व गोटी पाने, टॉर्क पाना, दोन मजबूत जॅक, त्यांपैकी एक चाकांचा, लोखंडी घोड्या, लाकडी पाचरी, नवी क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग व आवश्यक सील, ही सामग्री प्रथम जमवावी. सुटे भाग आणताना दुकानदारास केवळ ट्रॅक्टरचे नाव सांगून भागत नाही. प्लेटचा व्यास, मधल्या खाचांची संख्या व जाडी जुळली पाहिजे. ट्रॅक्टर उघडल्यावर जुनी प्लेट सोबत नेऊन ताडून घेणे सर्वांत खात्रीचे.

जागा सिमेंटची अथवा धुम्मस केलेल्या कठीण मुरमाची व सपाट असावी. मऊ मातीत घोडी रुतते. विटांचा ढीग कधीही आधार म्हणून वापरू नये. वीट भाराखाली एकाएकी फुटते. घोड्या नसल्यास बाभळीचे चौकोनी ओंडके आडवे-उभे रचून चौकट करावी. निंबाच्या फांदीला किंवा घराच्या आढ्याला साखळी टांगून इंजिन तोलण्याचा मोह टाळावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही ट्रॅक्टरखाली जाऊ नये.

ट्रॅक्टर दुभागणे

मागील मोठ्या चाकांना पुढून व मागून ओंडके लावून ती जखडावीत व हातब्रेक लावावा. पुढचा ॲक्सल मधल्या खिळीवर झुलता असतो. तो तसाच राहिला तर वेगळे झालेले इंजिन एका बाजूस कलंडते. म्हणून ॲक्सल व त्यावरील आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंस पाचरी घट्ट ठोकाव्यात. पुढे जोडलेली वजने आधीच काढून ठेवावीत.

बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. त्यानंतर बॉनेट, डिझेलच्या नळ्या, विजेच्या तारा, वेगाचा दांडा, धुराड्याची नळी व स्टार्टर काढावे. स्टीअरिंगचे दांडे व पुढच्या ॲक्सलचे तिरपे आधार मागे गिअर बॉक्सपर्यंत येत असतील तर तेही सोडावेत. हायड्रॉलिकचा पंप इंजिनावर असल्यास त्याच्या नळ्याही सोडाव्या लागतात. प्रत्येक तारेला व नळीला खुणेची चिंधी बांधावी आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. जोडणीच्या वेळी निम्मा वेळ वाचतो.

मागील भागाचा भार पुढे, गिअर बॉक्सकडे असतो. म्हणून त्याखाली घोडी अथवा चौकट बसवावी. इंजिनाचा भार मागे असतो. त्याच्या मागील टोकाखाली चाकांचा जॅक घ्यावा व जॅकच्या डोक्यावर लाकडी फळी ठेवावी, म्हणजे तेलाच्या तळपात्रास इजा होत नाही. मग घराचे बोल्ट सोडावेत. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी डोके कापलेले लांब बोल्ट बसवावेत. हे वाटाड्याचे काम करतात व भाग एकदम खाली बसू देत नाहीत.

इंजिनाचा भाग आता पुढच्या चाकांवर हळूहळू पुढे सरकवावा. फट सर्व बाजूंनी सारखी पडत आहे ना, हे एकाने पाहावे. भाग अडला तर पहार घालून जोर करू नये. एखादा बोल्ट राहून गेला असतो, किंवा जॅकची उंची चुकलेली असते. फटीत हात घालण्यास सर्वांना सक्त मनाई असावी. हातभर जागा झाली की दोन्ही भागांखाली पक्का आधार द्यावा.

जुना क्लच काढणे व तपासणी

जुन्या प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून ती फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे व नाकावर मुखपट्टी बांधावी.

प्रेशर प्लेट व फ्लायव्हील यांवर जुळती खूण करावी. बोल्ट एकेक करून पूर्ण काढू नयेत. समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे सैल करीत जावे, नाही तर स्प्रिंगांच्या दाबाने झाकण वाकते. प्लेटच्या मधला उंचवटा कोणत्या बाजूस होता, हे लिहून ठेवावे. प्लेट उलटी बसविल्यामुळे सगळे काम पुन्हा करावे लागल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

फ्लायव्हीलवर खोल चरे किंवा निळे डाग असल्यास ते लेथच्या कारखान्यात देऊन सपाट करून घ्यावे. तडा दिसल्यास ते बदललेच पाहिजे. प्रेशर प्लेटची बोटे एका उंचीची असावीत. कमीजास्त असल्यास ट्रॅक्टर सुटताना थरथरतो. फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेले पायलट बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे व खरखरत असल्यास बदलावे. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नये; आतील ग्रीस निघून जाते व ते लवकरच ओरडू लागते. ट्रॅक्टर दुभागण्याचे कष्ट एवढे असतात, की ही बेअरिंगे व सील नवीन घालण्यात काटकसर करणे तोट्याचे ठरते.

नवी प्लेट बसविणे

नवी प्लेट प्रथम गिअर बॉक्सच्या दांड्यावर चढवून ती खाचांतून सहज सरकते की नाही हे पाहावे. खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. जास्तीचे ग्रीस फिरताना उडून अस्तरावर पडते. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पेट्रोलच्या स्वच्छ फडक्याने पुसावा. हे करताना जवळ विडी अथवा आग नसावी. तेलकट हात अस्तरास लागू देऊ नये.

प्लेट बरोबर मध्यावर आणण्यासाठी जुना दांडा, किंवा सुताराकडून त्याच मापाचा करून घेतलेला लाकडी दांडा, प्लेटमधून पायलट बेअरिंगमध्ये घालावा. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडेथोडे आवळावेत आणि शेवटी माहितीपुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने घट्ट करावेत. त्यानंतरच लाकडी दांडा काढावा.

पुन्हा जोडणी

दोन्ही भागांची उंची व कल तंतोतंत जुळवून इंजिनाचा भाग मागे सरकवावा. दांडा प्लेटच्या खाचांत जात नसल्यास गिअर टाकून ठेवावा व एका माणसाने इंजिन हाताने किंचित फिरवावे. खाचा जुळताच भाग आपोआप आत सरकतो. शेवटची फट बोल्ट आवळून कधीही मिटवू नये. तसे केल्यास प्लेटचा मध्यभाग वाकतो किंवा घराचे बीड फुटते. दोन्ही तोंडे हाताच्या जोराने भिडल्यावरच बोल्ट घालावेत.

सर्व जोडणी पूर्ण झाल्यावर पाचरी काढण्यास विसरू नये. मोकळी चाल ठरवून घ्यावी, इंजिन सुरू करावे व गिअर विनासायास पडतात की नाही हे पाहावे. पहिले काही तास हलके काम द्यावे. नांगराला लगेच जुंपू नये. त्यानंतर चाल पुन्हा मोजावी.

घरी केव्हा करू नये

पी. टी. ओ. साठी स्वतंत्र प्लेट असलेल्या दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात बोटांची उंची विशेष मापाने बसवावी लागते. हे माप व साधन हाती नसल्यास प्रेशर प्लेटचा संच जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून आणावा. पक्की जागा, खात्रीचा आधार व मदतीस दुसरा माणूस नसेल तर काम आरंभूच नये. मिस्त्रीच्या मजुरीपेक्षा माणसाचा जीव मोलाचा आहे.

क्लचचे आयुष्य चालकाच्या पायात

चालताना पायट्यावर पाय टेकून ठेवू नये. चढावर ट्रॅक्टर अर्ध्या क्लचवर तोलून धरू नये. जड औजार ओढताना क्लच घसरवून वेग साधण्यापेक्षा खालचा गिअर टाकावा. दर आठवड्यास मोकळी चाल मोजावी. ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा राहणार असेल तेव्हा पायटा दाबून त्यास लाकडाची खुंटी अडकवावी, म्हणजे प्लेट गंजून चिकटत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांना उन्हाळ्यात एकत्र जमवून मोकळी चाल मोजण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यास एक फूटपट्टी व दहा मिनिटे एवढेच लागते. ज्याने ही चाल सांभाळली, त्याच्यावर ट्रॅक्टर दुभागण्याची पाळी क्वचितच येईल. आणि आलीच, तर ती वाफशाच्या दिवशी न येता सवडीच्या दिवशी येईल.