मोबाइलवरून कॅमेऱ्याकडे वळताना

प्रश्न : मोबाइलवर फुलपाखरांचे फोटो काढता काढता गोडी लागली आणि डिजिटल कॅमेरा घेतला. पण ऑटोवर पक्षी हललेले येतात. महागडी लेन्स घ्यावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लेन्सची घाई नको. प्रकाश कमी असला की ऑटो मोड शटर १/६० सेकंदापर्यंत खाली आणू शकतो. तेवढ्यात पक्षी मान वळवतो. डायल ‘एस’वर (कॅननमध्ये ‘टीव्ही’वर) ठेवा. बसलेल्या पक्ष्याला १/५००, उडत्याला १/२००० घ्या. आयएसओ ऑटोवर सोडा. फोटो थोडा दाणेदार आला तरी चालेल, हललेला मात्र सुधारत नाही.

गडद पाण्यातला बगळा टिपताना कॅमेरा फसतो. अंधार भरून काढायला तो फोटो उजळतो आणि पांढरी पिसे सपाट होतात. एक्स्पोजर उणे १ करा, पिसांच्या रेषा दिसू लागतील.

घरी आल्यावर प्रत्येक फोटोची माहिती उघडा. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तिथे नोंदलेले असतात. चांगला आणि फसलेला फोटो शेजारी ठेवून आकडे ताडून पाहा. हे आकडे हातात बसले, की कोणती लेन्स कमी पडते ते तुमचे तुम्हालाच कळेल. खर्च तेव्हा करा.